दुसरी सही राहिलेलं कार्ड

सर,

काल गुरुवार होता. अकराला पाच मिनिटं कमी असताना मी फोनजवळ येऊन बसले. चष्मा पुसला, वही उघडली, वर तारीख घातली. सव्वाअकराला माझ्या लक्षात आलं की फोनच्या पलीकडे आता तुम्ही नाही. तरीही साडेअकरापर्यंत बसून राहिले, कारण आपली वेळ साडेअकरापर्यंतची असते.

मला अजून काही होत नाही. कॅनडातून लेक रोज विचारते, "आई, तू रडलीस का?" मी तिला सांगते की आज गहू निवडले, पुस्तकांचं कपाट पुसलं, पडद्यांच्या कड्या बदलल्या. तिला वाटतं मी विषय टाळते. मी टाळत नाही. तिनं दिवसभर काय केलंस असंच विचारलं असतं तर हेच उत्तर दिलं असतं.

हे पत्र तुम्हाला आहे, पण ते वाचणार आहेत माझी नातवंडं, ईशा आणि नील. त्यांना तुम्ही 'मगरवाले आजोबा' म्हणूनच माहीत. सांगलीत कृष्णेच्या काठावर तासभर उन्हात उभं करून तुम्ही त्यांना पलीकडच्या वाळूत पडलेली मगर दाखवली होती, आणि तिच्या पाठीमागे चालणाऱ्या बगळ्याकडे बोट करून म्हणाला होतात, "ही मगर पालीपेक्षा त्या बगळ्याला जवळची हाय. खोटं वाटत आसंल तर आजीला इचारा." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. नील अजून वर्गात हे सांगतो आणि कुणी विश्वास ठेवत नाही. तेव्हा तुम्हाला माहीत असलेल्या काही गोष्टी मी इथे पुन्हा सांगितल्या तर त्या तुमच्यासाठी नाहीत असं समजा.

मुलांनो, सर आणि मी साताऱ्याच्या एका कॉलेजात शिकवायचो. ते प्राणिशास्त्र, मी वनस्पतिशास्त्र. निवृत्त झाल्यावर आम्ही एक शब्दसंग्रह करायला घेतला. सजीवांची एकमेकांशी नाती कशी लागतात, कोण कुणापासून झालं, कोण कुणाचं किती जवळचं, हे सांगणारे जे इंग्रजी शब्द आहेत त्यांना खेड्यातल्या शाळेत चालतील असे मराठी शब्द. एका शब्दाला एक कार्ड. कार्डं म्हणजे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी.

ती कल्पना तुमची होती, सर. मी स्टेशनरीच्या दुकानातून जाड कार्डं आणणार होते. तुम्ही पिशवीभर पत्रिका माझ्या टेबलावर ओतल्यात. "आवं बाई, आमच्या भावकीत लगीन थांबतच न्हाईत. ह्या एवढ्या कोऱ्या पाठी टाकायच्या व्हय?" म्हणून आजही आपल्या खोक्यात 'समान पूर्वज' उलटवला की मागे कुणाच्या तरी चिरंजीवांचा शुभविवाह आहे आणि 'बहीण-गट' उलटवला की गोरज मुहूर्त.

नियम मात्र माझे होते. शब्द ज्याला सुचेल त्यानं कार्ड लिहायचं, खालच्या उजव्या कोपऱ्यात सही करायची आणि दुसऱ्याकडे पोस्टानं पाठवायचं. पटलं तर दुसऱ्यानं डाव्या कोपऱ्यात सही करून ते पहिल्याच्या घरी परत पाठवायचं. दोन सह्या झाल्याशिवाय शब्द पक्का नाही. फोन दर गुरुवारी अकरा वाजता, एका आठवड्यात तुम्ही करायचा, पुढच्या आठवड्यात मी. तुम्ही मोबाइलवर कार्डाचा फोटो पाठवायचात आणि मी लिहायचे, 'फोटो चालणार नाही.' तुम्ही लिहायचात, 'बाई, तुम्ही सरकारी खात्यात पायजे हुता.'

मी इंग्रजी शाळेत शिकले. शास्त्र मला इंग्रजीत कळतं आणि तिथेच राहतं. तुम्ही मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातले. तुम्ही इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलंत आणि प्रत्येक वाक्य घरच्या बोलीत उतरवून घेतलंत. माझ्या कार्डांवर व्याख्या असायच्या. तुमच्या कार्डांवर माणसं बोलायची. 'समान पूर्वज' ह्या शब्दाखाली मी चार ओळी लिहिल्या होत्या. तुम्ही त्या खोडल्यात आणि लिहिलंत: 'ज्याचं नाव मिळणार नाही, पण जो होता.' मी ताबडतोब सही केली. हे तुम्हाला आठवत असेल, कारण असं क्वचित व्हायचं.

मग 'क्लेड' आला.

मुलांनो, क्लेड म्हणजे एक पूर्वज आणि त्याची झाडून सगळी संतती, एकालाही न वगळता. 'न वगळता' हे महत्त्वाचं. सरपटणारे प्राणी म्हणून आपण साप, सरडा, मगर एका टोपलीत घालतो आणि पक्षी बाहेर ठेवतो, पण पक्षी त्याच घरातले आहेत. ते वगळले की टोपली अपुरी. मगर आणि बगळा तो हाच.

सरांनी शब्द लिहून पाठवला: 'भावकी'.

मी तो शब्द फोनवर नाकारू शकले असते. त्याऐवजी मी कवठे महांकाळला आले. तुम्ही सुरेखाकडे राहत होता, वहिनी गेल्यापासून. मुलांनो, सुरेखा ही सरांची एकुलती एक लेक, अंगणवाडी चालवते. बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक मोठी चौकट होती. जत्रेच्या वेळी देवळात लावायला तुमच्या भावकीनं वंशावळ करायची ठरवली होती, आणि मास्तरांचं अक्षर चांगलं म्हणून ती तुमच्याकडून लिहून घेतली होती. सात पिढ्या, काळ्या शाईत, एक रेघ वाकडी नाही. तिची एक प्रत घरी.

तुम्ही मोठ्या आनंदानं म्हणालात, "हे बघा बाई. एक मूळ पुरुष, खाली समदी. भांडलेली, गाव सोडून गेलेली, तोंड न बघणारी, समदी एकाच भावकीची. क्लेड म्हंजे दुसरं काय आसतं?"

मी चौकटीजवळ गेले. तुमचं नाव शोधलं. तुमच्या चुलतभावांच्या नावांखाली रेघा होत्या, त्यांखाली नावं, त्यांखाली पुन्हा नावं. तुमच्या नावाखाली काही नव्हतं.

मी म्हणाले, "सर, ह्यात सुरेखा कुठे आहे?"

तुम्ही म्हणालात, "ती तिच्या सासरच्यात."

"मग ही भावकी म्हणजे पक्षी वगळलेले सरपटणारे प्राणी. हा क्लेड नव्हेच. तुम्ही आयुष्यभर जी चूक मुलांच्या पेपरात लाल शाईनं काढलीत, ती तुमच्याच हातानं काढून भिंतीवर लावली आहे."

मला वाक्य चांगलं जमलं असं वाटलं होतं. सुरेखा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, हे मला त्यानंतर दिसलं. ती हसली आणि म्हणाली, "म्हंजे आमी पाखरं व्हय, बाई?"

तुम्ही हसला नाहीत. कप उचललात, बशीत चहा ओतलात आणि तो तसाच ठेवलात.

पुढचा फोन करायची पाळी तुमची होती. तो आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही, आणि तुमचा झाल्याशिवाय माझी पाळी येत नाही असं मी धरलं. मी दर गुरुवारी बसले. महिना गेला, उन्हाळा संपला, पेरण्या झाल्या, गणपती आले, गेले. मी फोन केला नाही, कारण पाळी तुमची होती. आज हे लिहिताना मला ते वाक्य दिसतं आहे आणि ते खोडावंसं वाटतं, पण मी खोडत नाही. मुलांनी वाचावं. तुमची आजी अर्धं वर्ष एका नियमाच्या आड बसून राहिली. सर, तुम्ही एकुलत्या लेकीचे बाप आहात हे मला ठाऊक होतं. बोलताना ते मी विसरले होते की नव्हते, हे मलाही सांगता येत नाही.

दिवाळीनंतर तुम्ही न कळवता साताऱ्याला आलात. दारातच म्हणालात, "बाई, कात्री कुठाय?" मला वाटलं पत्रिका कापायच्या आहेत. तुम्ही कात्री घेऊन थेट परसात गेलात. कुंपणावर माझा घेवडा चढला होता, फुलांनी आणि शेंगांनी भरलेला. तुम्ही वाकून बराच वेळ पानं बाजूला केलीत आणि मधल्या एका फांदीवर, बोटभर जाडीच्या, कात्री चालवलीत.

मी ओरडले. खरंच ओरडले. शेजारच्या बाई गच्चीतून डोकावल्या.

"उद्या सकाळी बघा," तुम्ही म्हणालात. "एका कापानं जेवढं कोमेजंल तेवढा एक वेल. शेंड्यापातूर. त्यातलं एकबी पान वगळायचं न्हाई, आन दुसरं एकबी त्यात घालायचं न्हाई. क्लेडला हाच शब्द. वेल."

"आणि माझ्या शेंगा?"

"शेंगा मी कवठ्यास्नं पाठवतो. शब्दाचं बोला."

मग पायरीवर बसून तुम्ही लहानपणचं सांगितलंत. माळावर तुमचे वडील कळपातली कुठलीही मेंढी दाखवून सांगायचे, ही काळीच्या पोटची, ती भुरीच्या पोटची, ही भुरीच्या लेकीच्या पोटची. मेंढा कोणता ते कुणी विचारायचंच नाही. "माणसांत बापाकडनं मोजायचं आन मेंढरांत आईकडनं. आमचं गणित लय उलटं हुतं, बाई. मला साठी उलटल्यावर दिसलं." एवढंच बोललात. इतक्या महिन्यांबद्दल मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्ही कार्ड माझ्या हातात दिलंत. 'वेल', खाली उजव्या कोपऱ्यात तुमची सही. चहा घेतलात आणि दुपारच्या एसटीनं परत गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले. कापलेल्या फांदीपासून पुढचं सगळं मान टाकून होतं. मी यादी करावी तशी एक एक डहाळी पाहत गेले. कुंपण ओलांडून, शेजाऱ्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीपर्यंत गेलेला एक शेंडा होता. तो मी इतके दिवस त्यांच्या कुठल्यातरी रोपाचा समजत होते. तोही कोमेजला होता. पानं, फुलं, त्या लांबच्या खिडकीच्या गजाला मारलेला शेवटचा वेढा, सगळं. शेजारची एक फांदी त्यातूनच गुंतून गेली होती, ती टवटवीत होती. एक काप, आणि बरोबर तेवढंच.

मी तिथे उभी असताना मला कळलं की शब्द पक्का झाला. हे मी आज प्रथम लिहिते आहे.

त्या गुरुवारी फोनवर मी तुम्हाला काय सांगितलं? "शब्द परसातला आहे. शास्त्राला शोभत नाही. 'एकवंशी गट' बरा." तुम्ही म्हणालात, "बरं. मी सही केलीया. कार्ड ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. तुमची झाली की पाठवा."

कार्ड टेबलाच्या वरच्या खणात राहिलं. बाकीचा संग्रह पुरा झाला, छापायला द्यायचा तो एवढ्यासाठी थांबला. दर गुरुवारी शेवटी तुम्ही विचारायचात, "वेलाचं काय?" मी म्हणायचे, "बघते." मला घेवड्याचा राग होता असं मी स्वतःला सांगत असे. राग अर्ध्या वर्षाच्या गुरुवारांचा होता. तुम्ही काही न बोलता नुसता शब्द घेऊन आलात, आणि मला शब्दाच्या आधी दुसरं काही ऐकायचं होतं. तुम्हालाही कदाचित माझ्याकडून ऐकायचं होतं. दोघंही शिक्षक, दुसऱ्यानं उत्तर द्यावं म्हणून खडू हातात धरून उभे.

तुम्ही दवाखान्यात असताना शेवटचं बोललो तेव्हा आवाज पातळ झाला होता. तरी विचारलंत, "वेलाचं काय?"

मी म्हणाले, "बघते. आधी बरे व्हा."

पाच दिवसांनी सुरेखाचा फोन आला.

मी गाडी करून आले. अंगणात माणसं होती, भावकीतली बरीच. निघायच्या वेळी एक पुतण्या मडकं घ्यायला पुढे झाला. सुरेखानं नुसता हात पुढे केला. तो क्षणभर थांबला, मग त्यानं मडकं तिच्या हातात दिलं. कुणीतरी मागून म्हणालं, "आरं, तिलाच घिऊ द्या. मास्तरांनी सांगून ठिवलंय." मी फाटकाजवळ उभी होते. माझ्या चपलेचा पट्टा सुटला होता, तो मी लावत होते. मला एवढंच नीट आठवतं.

परवा सुरेखा इथे आली. दहावं झाल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडली असं म्हणाली. पिशवीत सरांच्या घरची कार्डं होती आणि काखेत एक गुंडाळी. दोघींनी मिळून ती जेवणाच्या टेबलावर उलगडली. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

तीच वंशावळ होती. पण एका कागदात मावत नव्हती म्हणून तीन कागद एकमेकांना चिकटवले होते. प्रत्येक पिढीत लेकी होत्या. लेकींच्या खाली त्यांची मुलं, त्यांच्या लेकी, त्यांची मुलं. काळ्या शाईतली नावं थोडी आणि नवी नावं इतकी की जुनी शोधावी लागत होती.

"कधी केलं हे?" मी विचारलं.

"तुमी येऊन गेला न्हवं, त्या चहाच्या येळी? त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं. भितीवरची चौकट काढली आन निघालं. जतपातूर, तिकडं अथणीपातूर यष्टीनं फिरायचं. म्हाताऱ्या बायकांपुढं जाऊन बसायचं. तुझं म्हायेर कुठलं, आईचं नाव काय, आईच्या भणी किती. लोक म्हणायची, मास्तर, ह्या वयात सोयरीक जुळवायचा धंदा काढला काय?" ती हसली. मग हातानं कागदाची घडी सारखी करत राहिली.

"मला फोन का नाही केला?"

"मी म्हणायची की, बाईंस्नी फोन लावा. तर म्हणायचं, आर्धं दावलं तर बाई चुका काढतील. पुरं झालं की न्हेतो." मग म्हणाली, "तुमच्यावर राग न्हवता, बाई. लाज वाटत हुती त्यास्नी. एकदा मला म्हणालं, मी पोरांस्नी एवढी वर्सं शिकवलं आन माझ्याच नावाखाली मोकळी जागा ठिवली. तुला दिसत हुती, तू कदी बोलली न्हाईस."

मी चहा करायला आत गेले. गॅस पेटवला आणि पातेलं ठेवायचं विसरले. तो तसाच जळत राहिला. सुरेखानं येऊन बंद केला.

तुमच्या नावाखाली आता रेघ आहे. तिथे सुरेखा, तिच्याखाली तिची दोन्ही मुलं. कागदाच्या अगदी वर, मूळ पुरुषाच्या नावाशेजारी, एक रिकामं वर्तुळ आहे. त्याच्या बायकोचं नाव तुम्हाला कुठेच मिळालं नाही. आत पेन्सिलीनं लिहिलं आहे: 'नाव मिळालं नाही, पण होती.'

ते अक्षर मी बराच वेळ पाहिलं. त्या वेळी काहीतरी होईल असं मला वाटलं. झालं नाही. डोळे कोरडेच होते. 

काही नावं अजून पेन्सिलीतच आहेत. सुरेखा म्हणाली, "तुमचं अक्षर नेटकं हाय, बाई. शाईनं एवढं पुरं करून द्या." मी हो म्हटलं. कागद माझ्याकडे ठेवून ती संध्याकाळच्या एसटीनं गेली.

ईशा, नील, तुम्ही लेकीची मुलं. आपल्या घराण्याचीही एक वंशावळ आहे, तुमच्या पणजोबांनी काढलेली, आणि तिच्यात तुम्ही दोघं नाही, तुमची आईही नाही. ती कपाटात आहे. सरांचं काम झालं की मी ती बाहेर काढणार आहे.

तर सर, काल साडेअकराला मी वही मिटली आणि टेबलाचा वरचा खण उघडला. कार्ड तिथेच होतं. मागच्या बाजूला तुमच्या कुठल्यातरी पुतणीच्या लग्नाचं निमंत्रण, पुढच्या बाजूला 'वेल', आणि त्याखाली तुमची सही, नेहमीसारखी शेवटचं अक्षर लांब ओढलेली. मी व्याख्या पुन्हा वाचली. एकच शब्द जास्त वाटला, तोही खोडला नाही. डाव्या कोपऱ्यात सही केली. तारीख घातली.

शब्द पक्का झाला. तुमचं बरोबर होतं. हे मला त्याच सकाळी कळलं होतं, परसात, त्या लांबच्या खिडकीखाली उभी असताना, आणि मी तुम्हाला पुढे कितीतरी गुरुवार 'बघते' म्हणत राहिले. हे तुम्हाला कानांनी ऐकायला मिळायला हवं होतं.

दोन सह्या झाल्या की कार्ड ज्याचं त्याच्या घरी परत जातं. मी पाकीट घेतलं, तिकीट लावलं आणि सवयीनं तुमचं नाव लिहून गेले. मग ते पाकीट बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं. तुमच्या नव्या कागदावर पाहिलं, तुमच्या नावाखालची रेघ कुठे जाते ते, आणि तेच नाव पाकिटावर लिहिलं. पत्ता तोच होता.

आज सकाळी पोस्टात टाकून आले.